मोटारीतला आवाज आणि फ्यूजचा प्रश्न



आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी फोन करून विचारलं, की सर, टंकलेखनाची चूक तर नाही ना? चूक नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, आणि आज आम्ही मोटारीत बसवल्या जाणाऱ्या वूफरबद्दल बोलणार आहोत. त्याला कारण इमामपूरच्या घाटातला एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचा इतिहास कशासाठी ते कळेल.

आमच्या पुतण्यानं जुनी मोटार घेतली. घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर डिकीत वूफरचा खोका आणि ॲम्प्लिफायर बसवून घेतला. बसवणारं दुकान कुठलं, हे सांगायची गरज नाही. अशी दुकानं गावोगाव आहेत आणि तिथं काम करणारी मुलं कष्टाळू असतात. पंधरा दिवसांनी आम्ही दोघं संभाजीनगरहून नगरला येत होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ अजून वळत नाही.) घाट उतरताना गाणं अचानक थांबलं आणि डॅशबोर्डाखालून रबर जळल्याचा वास आला. मग धूर. पुतण्यानं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. बॅटरीपासून निघून केबिनमध्ये शिरणारी लाल तार तापून तिचं आवरण ठिबकत होतं. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं काही न विचारता दहा नंबरचा पाना आणला आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. धूर थांबला. तो टेम्पोवाला नसता तर आज आम्ही इथं उभे असतो की नाही, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "बाबा रे, फ्यूज नव्हता का बसवला?" त्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "काका, फ्यूज आहे ना. ॲम्प्लिफायरला कंपनीनंच दिलेला असतो." आम्ही पाहिलं. खरंच होता, आणि तो शाबूतही होता. तार जळली, फ्यूज शाबूत.

आम्हांला त्या दिवसापासून एकच प्रश्न छळू लागला. फ्यूज रक्षण कोणाचं करतो? त्या मुलाच्या मते ॲम्प्लिफायरचं. आमच्याही मते तेच होतं, खोटं कशाला बोला. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का, हे समजायला मोटारीत वीज कशी आली आणि कशासाठी आली, तिथपर्यंत मागं जावं लागतं.

पहिली गोष्ट परतीच्या वाटेची. वीज एका वाटेनं जाते आणि दुसऱ्या वाटेनं परत येते. परत यायला वाट नसेल तर ती जातही नाही. तारायंत्राच्या सुरुवातीला म्हणूनच दोन तारा ओढत. १८३८ साली जर्मनीत श्टाइनहाइल नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की परतीची तार ओढायची गरज नाही, जमीनच ते काम करते. तांब्याचा खर्च निम्म्यावर आला. मोटार बनवणाऱ्यांनी पुढं हीच युक्ती उचलली, फक्त जमिनीऐवजी गाडीचा लोखंडी सांगाडा वापरला. दिव्याला एक तार न्यायची, दुसरं टोक पत्र्याला जोडायचं, आणि बॅटरीचं एक टोकही पत्र्यालाच जोडून ठेवायचं. आपले मेकॅनिक त्याला आजही 'अर्थ' म्हणतात. गाडी तर रबरी टायरांवर उभी असते, जमिनीशी तिचा काही संबंध नाही. पण शब्द तारायंत्राच्या काळातला, तो टिकला. शब्द असेच टिकतात.

या युक्तीचा एक परिणाम ध्यानात घ्या. अख्खी मोटार, तिचा प्रत्येक पत्रा, प्रत्येक बोल्ट, हा बॅटरीचा एक ध्रुव झाला. दुसऱ्या ध्रुवाची तार कुठंही सोलली आणि पत्र्याला टेकली, की मंडल पूर्ण. वाट तयारच आहे. आमच्या घाटातल्या तारेचं हेच झालं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून तार ओढली होती, भोकाला रबरी बूच बसवलं नव्हतं. पत्र्याची कड सुरीसारखी असते. पंधरा दिवसांच्या हादऱ्यांनी आवरण कापलं गेलं.

दुसरी गोष्ट बॅटरीची. मोटारीत बॅटरी आणि डायनॅमो यांना कायमची जागा मिळाली ती १९१२ साली, कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर आला तेव्हापासून. त्याआधी पुढं उभं राहून हँडल मारावं लागे. हँडल उलटं फिरून मनगट मोडल्याच्या कथा तेव्हा घरोघर होत्या. चार्ल्स केटरिंग यांनी हा स्टार्टर तयार केला. म्हणजे बॅटरी आली ती इंजिन सुरू करायला. काही सेकंद भरपूर वीज द्यायची, आणि मग डायनॅमोकडून ती हळूहळू भरून घ्यायची, हा तिचा धर्म. दिवे, भोंगा, वायपर हे सगळे त्या घरात नंतर आलेले पाहुणे. त्यांची सोय होत गेली, कारण ते थोडक्यात भागवत.

पहिला अवघड पाहुणा म्हणजे रेडिओ. १९३० साली अमेरिकेतल्या गॅल्विन बंधूंच्या कंपनीनं मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला, आणि मोटार या शब्दाला शेपूट जोडून त्याला 'मोटोरोला' नाव दिलं. तो गाडीबरोबर येत नसे. गाडी घेतल्यावर वेगळा बसवून घ्यावा लागे, डॅशबोर्ड कापून, छताच्या कापडात एरियल लपवून. आज वूफर बसवणाऱ्या मुलाचा मूळपुरुष शोधायचा तर तो हा. त्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना शंभराहून जास्त व्होल्ट लागत आणि गाडीत होते सहा. म्हणून गाडीच्या तळाशी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्यांची पेटी ठेवत. त्या संपल्या की फेकायच्या आणि नव्या घ्यायच्या. दोनतीन वर्षांत त्यावर उपाय निघाला. 'व्हायब्रेटर' नावाचा एक गुणगुणणारा डबा सहा व्होल्टचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडून जोडत असे, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून वाढवता येई. जुन्या मोटार-रेडिओतून गाण्याआधी जी गुणगुण ऐकू येई, ती त्या डब्याची.

आता हे सगळं अमेरिकेत झालं, आपल्या जिल्ह्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. मुलं तोफेच्या नळीकडे पाहतात. आमची विनंती आहे, की पुढच्या वेळी बिनतारी यंत्र कुठं बसत असेल त्याचाही विचार करा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्यांत 'नंबर १९' नावाचा बिनतारी संच असे. दूरच्या मुख्यालयाशी बोलणं, शेजारच्या रणगाड्याशी बोलणं आणि आतल्या आत एकमेकांशी बोलणं, ही तिन्ही कामं तो करी. बॅटरीवर एक छोटी मोटर फिरवून तिच्यातून वरचे व्होल्ट मिळवत. आणि महत्त्वाचं म्हणजे, संच तासन्‌तास चालू ठेवायचा तर बॅटरी उतरणार हे सैन्यानं आधीच मोजलेलं होतं. म्हणून त्या काळात बॅटऱ्या भरायला वेगळी छोटी इंजिनं सोबत असत. काही रणगाड्यांच्या पोटातच असं दुसरं इंजिन बसवलेलं असे. खर्च वाढवला तर आधी मिळकत वाढवायची. हा हिशेब ज्या गावात शिकवला गेला त्याच गावात आपण राहतो. वाहनांच्या चाचण्या करणारी डीआरडीओची संस्था, व्हीआरडीई, हीसुद्धा आपल्याकडेच आहे. गाडीतली एक विद्युत यंत्रणा दुसरीच्या कामात ढवळाढवळ करते की नाही, हे तिथं तपासतात. आणि त्याच रस्त्यानं ताशी साठच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुंई' असा चढत जाणारा आवाज येतो. तो अल्टरनेटरचा आवाज, चुकीच्या ठिकाणी अर्थ दिल्यामुळं गाण्यात मिसळलेला. ऐकणारा म्हणतो, स्पीकर खराब.

युद्धानंतरचा काळ थोडक्यात सांगतो. १९५०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकन मोटारी सहावरून बारा व्होल्टवर गेल्या. तेवढ्याच कामाला निम्मा प्रवाह लागू लागला, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यानं ती एकचतुर्थांशावर आली. त्याच सुमारास ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला, व्हायब्रेटरची गुणगुण गेली. १९६० साली क्रायस्लर कंपनीनं डायनॅमोऐवजी अल्टरनेटर दिला. डायनॅमो इंजिन संथ असताना जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटर संथ चालीतही काहीतरी देतो.

संथ चालीत वीज कमी, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको. लुना आपल्या गावात बनली. १९७२ साली, दुष्काळाच्या त्याच वर्षी, कायनेटिकनं ती आणली. तिच्या दिव्याची वीज थेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून येई. रात्री वेग कमी केला की दिवा मंद, वाढवला की लख्ख. खड्डा नेमका वेग कमी केल्यावर येतो, आणि तेव्हाच दिसत नाही. आम्ही कॉलेजात शिकवायला लागलो त्या दिवसांत कार्यकारणभावाचा सिद्धांत समजावताना लुनाचं उदाहरण द्यायचो. पोरांना ह्यूमपेक्षा ते लवकर पटायचं.

आता आवाजाकडे. आपल्याकडे चाकांवरचा मोठा आवाज मोटारीतल्या करमणुकीसाठी आला नाही, तो आला जाहिरातीसाठी. आमच्या लहानपणी टांग्याला किंवा जीपला पुढं एक, मागं एक कर्णा बांधून "आज रात्री ठीक साडेनऊ वाजता" असं ओरडत सिनेमाची, तमाशाची, निवडणुकीची गाडी फिरे. मागच्या बाकावर बारा व्होल्टची बॅटरी आणि बहुधा अहुजाचा ॲम्प्लिफायर. तीसचाळीस वॅटचा. एवढ्यात अख्खं गाव जागं होई. घरी रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे त्या काळातली ही गोष्ट.

मग प्रश्न असा, की तीस वॅटमध्ये गाव जागं होत होतं तर आज एका मोटारीतल्या चार माणसांना पाचशे वॅट का लागतात? पोरांना नावं ठेवून हा प्रश्न सुटत नाही. उत्तर दोन ठिकाणी आहे: कर्ण्यात आणि कानात.

कर्ण्याचं तोंड हळूहळू रुंदावत जातं, त्यामुळं आतल्या पडद्याची हालचाल बाहेरच्या हवेला नीट पोचते, फार थोडी वाया जाते. पण हे मधल्या आणि वरच्या सुरांपुरतं. खालच्या सुरांसाठी कर्णा खोलीएवढा मोठा करावा लागेल. चाळीस हर्ट्झच्या सुराची एक लाट साडेआठ मीटर लांबीची असते, म्हणजे दोन मोटारींपेक्षा लांब. म्हणून खालच्या सुराला खोक्यातला मोठा पडदा लागतो, आणि तो बरीच हवा ढकलतो. दिलेल्या विजेपैकी फार थोडी आवाजात बदलते, बाकीची गरमी होते. कानाचं वेगळंच. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की माणसाच्या कानाला खालचे सूर ऐकायला फार जोर लागतो. हळू आवाजात बोलण्याएवढा भास व्हायला चाळीस हर्ट्झच्या सुराला मधल्या सुरापेक्षा पंचेचाळीस-पन्नास डेसिबल जास्त द्यावे लागतात. डेसिबलमध्ये दर दहाला दसपट, म्हणजे हा फरक हजारोपटींचा झाला. आवाज मोठा केला की ही दरी कमी होते, आणि म्हणूनच बेस आवडणारा माणूस बटण वाढवतच जातो.

इथं एक विषयांतर, धंद्याची सवय. वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला आणि तो कसा पसरतो यावर दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय, पाण्यातल्या लाटेमागून लाट तशी. दुसरा कदंबमुकुलन्याय, कदंबाच्या कळीतून एकाच वेळी सगळ्या बाजूंना फुटणाऱ्या केसरांसारखा. त्यांनी वूफर पाहिला नव्हता, पण खालच्या सुराचं वागणं हुबेहूब दुसऱ्या दृष्टांतासारखं आहे: तो कुठून येतोय ते कळत नाही. म्हणून तर खोका डिकीत ठेवला तरी चालतो, आणि म्हणूनच शेजाऱ्याला तो आपल्याच घरात वाजतोय असं वाटतं.

खालच्या सुराची ओढ मात्र नवी नाही. संबळ, हलगी, ढोल यांवर वाढलेली माणसं आपण. छातीत घुमणारा ठोका हे देवीच्या गोंधळातलंच सुख आहे. मुलांना ते गाडीत हवं असतं, यात आम्हांला गैर काही दिसत नाही. गैर आहे ते तारेत.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या हातात गाडी आली. कॅसेट प्लेअर बाहेरून बसवायचा, मागच्या काचेखाली लाकडी फळीवर दोन अंडाकृती स्पीकर. तेवढ्याला गाडीची मूळ तार पुरत होती. पुढं सीडी आली, मग ॲम्प्लिफायर, आणि मग डिकीत आडवं ठेवायचं नळकांडं, ज्याला बाजारात 'बेस ट्यूब' म्हणतात. याच काळात खोक्यांवर 'पीएमपीओ'चे आकडे आले. दोन हजार वॅट, तीन हजार वॅट. हा आकडा क्षणभराच्या काल्पनिक जोराचा. सतत मिळणाऱ्या शक्तीशी त्याचा संबंध नावापुरता. खरं जाणून घ्यायचं तर ॲम्प्लिफायर उलटा करून त्याच्या फ्यूजवरचा आकडा वाचा. तीस अँपिअरचा फ्यूज असेल तर तो यंत्र चौदा व्होल्टला चारशेवीस वॅटपेक्षा जास्त फार वेळ घेऊच शकत नाही. जे घेत नाही ते देणार कुठून? चारशेवीस हा आकडाही असा, की हसू येतं.

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. वही-पेन्सिल असेल तर काढा, कारण आमच्या पुतण्याच्या तारेची सगळी गोष्ट या हिशेबात आहे.

धरा, की वूफरला खरोखर पाचशे वॅट द्यायचे आहेत. आजचा चांगला ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी ऐंशी टक्के पुढं देतो. म्हणजे त्याला सव्वासहाशे वॅट लागले. घरात २३० व्होल्टवर याला तीन अँपिअरही लागत नाहीत; मिक्सरची पातळ वायर चालते. गाडीत मात्र इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास मिळतात. ६२५ भागिले १४, म्हणजे जवळजवळ ४५ अँपिअर. घरातला माणूस 'वॅट' बघून तार निवडतो, आणि तिथंच फसतो. तार वॅटनं तापत नाही, अँपिअरनं तापते.

आपल्या घरात प्लगला येते ती अडीच चौरस मिलिमीटरची तार. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर ओढली तर तिचा रोध सुमारे ०.०३४ ओहम. आकडा नगण्य वाटतो. ४५ अँपिअर त्यातून नेले की दीड व्होल्ट तारेतच गळतात आणि ७० वॅट उष्णता होते. सोल्डरिंग करायची इस्त्री साधारण पंचवीस ते साठ वॅटची असते. म्हणजे गालिच्याखाली, सीटच्या फोमशेजारी, तुम्ही एक सोल्डरची इस्त्री लांब ताणून अंथरलीत. हीच तार वीस चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती पाव व्होल्टाच्या आत आणि उष्णता नऊ वॅटच्या आसपास. किमतीत फरक पडतो, हे खरं. बाजारात आवरण जाड आणि आत ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा अशीही तार मिळते. ती दिसायला जाड, पण तांब्याच्या दोनतृतीयांश कामाची. घ्यायचीच तर एक माप वरची घ्यावी.

हे झालं सगळं सुरळीत चालू असतानाचं. आता ती तार बॅटरीपासून हातभर अंतरावर पत्र्याला टेकली असं धरा. गाडीची बॅटरी अशा वेळी तीनशे-चारशे अँपिअर सहज ओतते. तिचा धर्मच तो, स्टार्टर फिरवण्याचा. तेवढ्याशा तारेत तीनशे ते पाचशे वॅट उष्णता. आवरण वितळायला काही सेकंद पुरतात.

आणि ॲम्प्लिफायरचा फ्यूज? तो पाच मीटर पुढं, डिकीत. प्रवाह त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, वाटेतच पत्र्यावरून परत बॅटरीकडे वळला. त्याच्या हिशेबी काही घडलंच नाही. म्हणून तो शाबूत राहिला.

तर फ्यूज रक्षण करतो तारेचं. त्याच्या पुढं असलेल्या तारेचं, आणि फक्त तिचं. ॲम्प्लिफायरमधला फ्यूज ॲम्प्लिफायरच्या आतल्या बिघाडासाठी; बॅटरीपासूनच्या तारेसाठी दुसरा फ्यूज, बॅटरीपासून हातभराच्या आत. त्याचा आकडाही यंत्राकडे बघून नव्हे, तारेला जेवढं झेपतं त्यावरून ठरवायचा. त्याच्यावर कधीच जायचं नाही. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा आमच्या पिढीचा लाडका उपाय, चांदीचा कागद गुंडाळणं, म्हणजे पहारेकऱ्याला सांगणं की तू झोप.

लाल तारेचं लोक निदान बोलतात तरी. काळ्या तारेबद्दल कुणी बोलत नाही. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत यायचा आहे, पण ती तार कुठल्यातरी स्क्रूखाली, रंगावरच आवळून टाकतात. रंग हा विजेला अडसर. समजा त्या एका सांध्यात ०.०२ ओहम रोध राहिला. ४५ अँपिअरला तिथं ४० वॅट, एका स्क्रूच्या टोकाशी. शिवाय वूफरचा जोर कमी, मग मालक म्हणतो मोठा ॲम्प्लिफायर टाका. खरा उपाय पॉलिश पेपरचा: रंग खरवडून चकचकीत पत्रा, दाबून बसवलेली लग, बोल्ट, आणि वरून थोडं ग्रीस. तार लालइतकीच जाड, हातभर लांबीची. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नये. त्याचं काम वेगळं आहे. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा मापक बसवलेला असतो, तो आलेल्या-गेलेल्या विजेचा हिशेब गाडीच्या संगणकाला देतो. काळी तार थेट त्या टर्मिनलवर आवळली की हिशेब चुकतो. म्हणून ती बॉडीलाच द्यायची.

मिळकतीचं राहिलं. लहान मोटारीचा अल्टरनेटर साधारण साठ-सत्तर अँपिअरचा, आणि इंजिन संथ असताना त्याहून बराच कमी. रात्री दिवे, एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, इंजिनाचा पंप हे सगळे वाटेकरी आधीपासून आहेत. पंचेचाळीसचा नवा वाटेकरी आला की ठोक्याठोक्याला दिवे डुलतात. न्यायानं सांगायचं तर संगीतात सरासरी मागणी बरीच कमी असते, ठोक्यापुरती ती वर जाते. म्हणून माफक वूफर मूळ अल्टरनेटरवर वर्षानुवर्षं चालतातही. पण दिवे डुलायला लागले, की दुकानदार एक चकचकीत कपॅसिटर पुढं करतो, 'एक फॅरड'. चौदा व्होल्टांतून एक व्होल्ट उतरेपर्यंत तो साडेतेरा जूल देतो. सव्वासहाशे वॅटच्या यंत्राला ते जेमतेम सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतात. तो कमावत काहीच नाही, ठेवलेलंच देतो, आणि परत भरायला तोच अल्टरनेटर. निळा आकडा मात्र छान दिसतो.

जिल्ह्यात याचं सगळ्यांत मोठं रूप मोटारीत नाही, ट्रॅक्टरवर दिसतं. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हापासून ऊस हा या जिल्ह्याचा श्वास आहे. हंगामात रात्री ऊस ओढणारे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी स्पीकरचे खोके. रात्र-रात्र जागून गाडी हाकणाऱ्या माणसाला झोप घालवायला गाणं लागतं, हे आम्ही समजू शकतो. पण मागच्या गाडीचा भोंगा त्याला ऐकू येत नाही. आणि सगळी वीज वर गेल्यानं ट्रेलरचा मागचा लाल दिवा मिणमिणता, किंवा नाहीच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल २००५च्या जुलैत आला, रात्री दहा ते सकाळी सहाची मर्यादा सगळ्यांना पाठ आहे. त्या निकालात कानांचा विचार आहे, तो योग्यच आहे. अंधारात उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा विचार वायरिंग करणाऱ्यालाच करावा लागतो. ज्या दुकानात वूफर बसतो तिथंच तो दिवाही दहा मिनिटांत लागतो, मागणारा हवा.

पुतण्याच्या गाडीचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. वूफर काढायला तो तयार नव्हता आणि आम्हीही आग्रह धरला नाही. त्याच मुलाकडे गेलो. जळलेल्या तारेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि आत्ता तुमच्यापुढं मांडला तोच हिशेब त्याच्या बिलबुकाच्या मागं मांडला. त्याला अर्ध्यातच कळलं, आमच्यापेक्षा लवकर. वीस चौरस मिलिमीटरची तार, पत्र्याच्या भोकाला रबरी बूच, बॅटरीशेजारी साठ अँपिअरचा फ्यूज, डिकीत रंग खरवडून अर्थ. दोन तास लागले. निघताना तो म्हणाला, "काका, मागच्या वर्षभरात मी बसवलेल्या बाकीच्या गाड्यांचं काय करू?" आम्ही म्हटलं, नंबर असतील ना तुझ्याकडे, फोन कर. त्यानं आमच्यासमोरच पहिला लावला.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या कुणीतरी मघाशी हात वर केला होता.